घरच्या घरी गॅस लेझरचा पॉवर सप्लाय : किरण नाजूक, पण डबा जीवघेणा!

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला तो प्रयोग आठवतोय? टेबलावर हातभर लांबीची एक नळी, तिच्या तोंडातून निघालेला सरळ लाल किरण आणि समोरच्या भिंतीवर पडलेला चमकदार ठिपका. सर बजावून सांगायचे, "किरणात डोळा घालू नका."

सल्ला बरोबरच होता. पण त्या टेबलावरची सगळ्यात धोकादायक वस्तू किरण नव्हता. ती होती नळीला जाड वायरने जोडलेला एक साधासा डबा. घरातल्या २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय!

भंगारात किंवा ऑनलाईन एखादी जुनी लेझर नळी स्वस्तात मिळते. मग "सप्लाय आपणच बनवू की" असं अनेक हौशी मंडळींना वाटतं. हा डबा आतून चालतो कसा, त्यात इतकी भानगड का असते आणि घरी बनवताना लोक नेमके कुठे फसतात, हे समजून घेऊया.

गॅस लेझर म्हणजे काय?

जगातला पहिला लेझर मे १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवला. त्यात माणिक, म्हणजे रुबीचा कृत्रिम स्फटिक होता आणि प्रकाश झटक्याझटक्याने यायचा. सलग, न थांबता किरण देणारा पहिला लेझर त्याच वर्षी १२ डिसेंबरला बेल लॅब्जमध्ये सुरू झाला. तेहरानमध्ये जन्मलेले अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट या तिघांनी हेलियम आणि निऑन वायूंच्या मिश्रणातून तो मिळवला.

तो किरण डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड होता. आपल्या ओळखीचा लाल किरण १९६२ मध्ये आला. त्याची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. यालाच हेलियम-निऑन किंवा थोडक्यात 'ही-नी' लेझर म्हणतात.

आतली गोष्ट अशी. काचेच्या नळीत हेलियम आणि थोडा निऑन भरलेला असतो, तोही अगदी विरळ. दाब बाहेरच्या हवेच्या साधारण तीनशेवा हिस्सा. नळीतून वीज गेली की इलेक्ट्रॉन हेलियमच्या अणूंवर आपटतात. हेलियम ती ऊर्जा टकरीतून निऑनला देतो आणि निऑन ती लाल प्रकाशाच्या रूपात सोडतो. दोन टोकांचे आरसे हा प्रकाश पुन्हा पुन्हा आत फिरवून वाढवतात. त्यातला एक आरसा किंचित पारदर्शक असतो, तिथून किरण बाहेर पडतो.

घरी लेझर बनवण्याची हौसही जुनीच आहे. १९६४ मध्येच 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात घरगुती ही-नी लेझरवर लेख आला होता. पुढे २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला. त्या स्कॅनरमध्येही ही-नी लेझरच होता. अशी जुनी यंत्रं मोडीत निघाली आणि त्यांच्या नळ्या हौशी लोकांच्या हाती आल्या.

नळी मिळते, पण तिला जगवणारा सप्लाय बऱ्याचदा मिळत नाही. खरी गोष्ट इथून सुरू होते.

ट्यूबलाईट आठवा, अर्धं कोडं सुटेल!

जुनी चोकवाली ट्यूबलाईट बटण दाबताच लागायची नाही. आधी दोन-चार वेळा लुकलुकायची, मग पेटायची. तिला दोन मदतनीस लागायचे : स्टार्टर आणि चोक. स्टार्टरच्या उघडझापीमुळे व्होल्टेजचा एक जोरदार धक्का बसायचा आणि आतला वायू पेटायचा. एकदा ट्यूब लागली की चोक करंटला लगाम घालायचा. लागलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढून घेतला तरी ती चालूच राहायची.

ही-नी नळीची तऱ्हा अगदी हीच आहे, फक्त आकडे मोठे.

साध्या १ मिलिवॉटच्या नळीला पेटायला साधारण ५ ते १० हजार व्होल्टचा धक्का लागतो. पेटली की मात्र तिला हजार-दीड हजार व्होल्ट पुरतात आणि करंट असतो अवघा ४ ते ६ मिलिअँपिअर.

असं का होतं? वायू थंड असताना त्यातून वीज जवळजवळ जात नाही. जोराचा दाब दिला की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वाट मोकळी होते. त्यानंतर सगळं उलटं होतं. करंट वाढला की वाट आणखी मोकळी, म्हणून करंट आणखी वाढतो. बल्ब किंवा इस्त्री स्वतःच स्वतःला आवरते. वायू स्वतःला आवरत नाही, त्याला बाहेरून आवरावं लागतं.

म्हणजे सप्लायला दोन परस्परविरोधी कामं करायची असतात : सुरुवातीला प्रचंड व्होल्टेज आणि नंतर कमी व्होल्टेजवर नेमका, मोजका करंट.

डब्यात असतं तरी काय?

जुन्या पद्धतीच्या सप्लायचे भाग ओळीने पाहूया.

१. ट्रान्सफॉर्मर : घरातले २३० व्होल्ट वाढवून समजा ७०० व्होल्ट करतो. लक्षात ठेवा, एसी विजेचा हा आकडा सरासरीसारखा असतो. लाटेचा माथा त्याच्या १.४१ पट, म्हणजे ९९० व्होल्टवर जातो.

२. डायोड आणि दुप्पट करणारी जोडणी : डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. लाटेच्या एका अर्ध्या भागात एक कपॅसिटर भरतो, दुसऱ्या अर्ध्या भागात दुसरा. दोन्ही एकावर एक रचलेले असल्यामुळे बेरीज होते : ९९० अधिक ९९० म्हणजे १,९८० व्होल्ट डीसी.

३. फिल्टर कपॅसिटर : हे विजेचे हंडे. लाटेचे चढउतार भरून काढतात आणि नळीला एकसारखी वीज देतात. बाजारात सहज मिळणारा कपॅसिटर ४५० व्होल्टचा असतो. त्यावर दोन हजार व्होल्ट दिले तर तो फुटतो. म्हणून सहा कपॅसिटरची साखळी करतात. प्रत्येकाच्या वाट्याला सारखे व्होल्ट यावेत म्हणून प्रत्येकावर एक रेझिस्टर आडवा लावतात. हे रेझिस्टर लक्षात ठेवा, पुढे त्यांचं मोठं काम आहे.

४. स्टार्टर : डायोड आणि अगदी छोट्या कपॅसिटरची शिडी. प्रत्येक पायरीवर व्होल्टेज चढत जातं. या तऱ्हेची शिडी प्रसिद्ध झाली ती केंब्रिजमध्ये. जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी १९३२ मध्ये अशाच व्होल्टेजवर पळवलेल्या प्रोटॉननी लिथियमचं अणुकेंद्र फोडलं आणि १९५१ मध्ये नोबेल मिळवलं. लेझरमध्ये तीच युक्ती छोट्या रूपात वापरली जाते. या शिडीला करंट पुरवण्याचा दम नसतो. नळी पेटून करंट ओढू लागली की शिडीचं व्होल्टेज आपोआप कोसळतं आणि मुख्य सप्लाय ताबा घेतो. वेगळा स्विच लागत नाही!

५. बॅलास्ट रेझिस्टर : हा झाला चोक. ट्यूबलाईटमध्ये तारेचं वेटोळं चालतं, कारण तिथे एसी वीज असते. इथे वीज डीसी आहे आणि स्थिर डीसीला वेटोळं अडवत नाही, म्हणून रेझिस्टर लागतो. तो साधारण ७५ हजार ओहमचा असतो आणि नळीच्या पॉझिटिव्ह टोकाला अगदी चिकटून बसवतात. दूर ठेवला तर मधल्या वायरमध्ये साठणाऱ्या विद्युतभारामुळे नळी स्थिर जळत नाही, फडफडते.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हची अदलाबदलही चालत नाही. निगेटिव्ह टोकाला आत अॅल्युमिनियमचा मोठा डबीसारखा भाग असतो, त्याची रचनाच अणूंचा मारा झेलण्यासाठी असते. उलटी जोडणी केली तर दुसऱ्या टोकाचा धातू उडून आरसा खराब होऊ शकतो.

आता हिशेब. समजा नळीला १,२५० व्होल्ट आणि ५ मिलिअँपिअर हवेत. बॅलास्टवर ७५,००० गुणिले ०.००५ म्हणजे ३७५ व्होल्ट पडतात. एकूण १,६२५ व्होल्ट. रिकाम्या अवस्थेत १,९८० दाखवणारा सप्लाय भार आल्यावर थोडा खाली येतो, त्यामुळे गणित जुळतं.

खर्च होणारी वीज साधारण ८ वॉट, एका एलईडी बल्बइतकी. बाहेर येणारा प्रकाश १ मिलिवॉट. म्हणजे आठ हजार भाग वीज घालायची आणि एक भाग किरण मिळवायचा! उरलेली सगळी उष्णता.

"फक्त ५ मिलिअँपिअर तर आहे, काय होणार?"

हा सगळ्यात घातक गैरसमज.

घरगुती एसी विजेचा १ मिलिअँपिअर करंट शरीरातून गेला तर मुंग्या येतात. १० ते २० मिलिअँपिअरला स्नायू आखडतात, पकडलेली वायर सुटत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. या मापाने ५ मिलिअँपिअर किरकोळ वाटतो.

पण तो ५ मिलिअँपिअर कुठे असतो? बॅलास्ट रेझिस्टरच्या पुढे! त्याच्या अलीकडे हात लागला तर आवरणारं कुणीच नसतं. इतक्या व्होल्टेजला त्वचेचा अडथळा कोसळतो आणि शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उरतो. १,९८० भागिले १,००० म्हणजे क्षणभर जवळपास दोन अँपिअर. लगाम घोड्याच्या तोंडात असतो, हात लावणारा मात्र लगामाच्या मागे उभा असतो.

सगळ्यात मोठी चूक : मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर

७०० किंवा १,००० व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर दुकानात सहज मिळत नाही. भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मात्र दोन हजार व्होल्टच्या आसपासचा ट्रान्सफॉर्मर आयता मिळतो. मग व्हिडिओ बघून तोच लावला जातो.

हा ट्रान्सफॉर्मर ५ मिलिअँपिअरसाठी नसतो. अन्न शिजवण्यासाठी शेकडो वॉट पुरवायला तो बनवलेला असतो, त्याला शेकडो मिलिअँपिअर सहज देता येतात. शिवाय त्याच्या हाय व्होल्टेज वेटोळ्याचं एक टोक थेट लोखंडी गाभ्याला जोडलेलं असतं. म्हणजे धातूची बॉडीच सर्किटचा भाग. याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेच्या फांद्या जाळून नक्षी काढण्याचं खूळ पसरलं, त्यात अमेरिकेत आणि इतरत्र अनेकांचे जीव गेले. शेवटी तिथल्या लाकूडकाम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदी घातली.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "घरात ईएलसीबी आहे, ती पडेल ना!"

नाही पडणार. ईएलसीबी किंवा आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करते. दोन्हींत फरक दिसला तरच ती पडते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची वेटोळी हे वेगळंच सर्किट. तिथे करंट एका टोकातून निघून माणसाच्या शरीरातून दुसऱ्या टोकात परत जातो. घरच्या मीटरच्या बाजूला तो साधा भार दिसतो, जणू एखादा बल्ब लागला आहे. फ्यूज आणि एमसीबीलाही त्यात काही वावगं दिसत नाही.

स्विच बंद केला, तरी डबा जागाच!

हा मुद्दा वाचून विसरण्यासारखा नाही.

वर पाहिलेल्या साखळीत १० मायक्रोफॅरॅडचे सहा कपॅसिटर आहेत असं धरा. साखळीत त्यांची एकूण क्षमता साधारण १.७ मायक्रोफॅरॅड होते. १,९८० व्होल्टला त्यात सव्वातीन ज्यूल ऊर्जा साठते आणि प्लग काढला तरी ती तिथेच राहते. धक्क्यापेक्षा झटक्याने हात मागे खेचून दुसऱ्या वस्तूवर आपटणं, खुर्चीवरून पडणं हेही कमी धोक्याचं नाही. कपॅसिटर मोठा असेल तर धक्काच पुरेसा ठरतो.

ही वीज जिरवायचं काम त्या आडव्या रेझिस्टरांचं. प्रत्येक १० लाख ओहमचा धरला तर सहा मिळून ६० लाख ओहम होतात. अशा जोडणीत व्होल्टेज ५० च्या खाली यायला साधारण ३७ सेकंद लागतात. म्हणजे मिनिटभर थांबलं की काम झालं. कागदावर!

प्रत्यक्षात गोची इथेच होते. हे रेझिस्टर निवडताना लोक फक्त वॉट बघतात. प्रत्येकावर ३३० व्होल्ट पडतात, वीज जिरते ०.११ वॉट. मग पाव वॉटचा रेझिस्टर पुरेल असं वाटतं. पण साध्या पाव वॉटच्या रेझिस्टरची व्होल्टेज सहन करण्याची मर्यादाही असते, ती साधारण २५० व्होल्ट. ३३० व्होल्टवर तो काही दिवस चालतो आणि मग आतून तुटतो. धूर नाही, आवाज नाही, लेझर आधीसारखाच चालू.

साखळीतला एक तुटला की त्याच्या कपॅसिटरची जिरण्याची वाटच बंद. आता स्विच बंद करून मिनिटभर नव्हे, कितीतरी वेळ थांबलं तरी आत वीज असू शकते. म्हणून प्रत्येक जागी एकाऐवजी दोन रेझिस्टर ओळीने लावतात किंवा जास्त व्होल्टेजचे खास रेझिस्टर वापरतात. आणि "आपोआप जिरलं असेल" यावर कधीच विसंबत नाहीत. रेझिस्टर बसवलेल्या लांब इन्सुलेटेड काठीने आधी कपॅसिटर रिकामा करतात, मग मीटरने तपासतात, मग दोन्ही टोकं वायरने जोडून ठेवतात. ती वायर तशीच ठेवायचं कारण म्हणजे मोठे कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडं व्होल्टेज स्वतःहून परत धरतात.

मीटरचीही एक गंमत आहे. नेहमीच्या मल्टिमीटरवर ६०० किंवा १,००० व्होल्टची मर्यादा छापलेली असते. दोन हजार व्होल्टला तो लावला तर ठिणगी मीटरच्या आतून हातापर्यंत येऊ शकते. त्यासाठी वेगळा हाय व्होल्टेज प्रोब लागतो.

नळी पेटतच नाही, मग व्होल्टेज वाढवू?

जुनी नळी न पेटण्याचं कारण बऱ्याचदा सप्लायमध्ये नसतंच. हेलियमचा अणू इतका लहान की काचेतूनही वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो. जुन्या पद्धतीच्या चिकटवलेल्या जोडांमधून बाहेरची हवाही आत शिरते. निरोगी नळीचा उजेड नारिंगी-गुलाबी दिसतो. तो जांभळट किंवा निळसर दिसला तर आत हवा शिरली असं समजावं. अशा नळीला आणखी व्होल्टेज देऊन ती जिवंत होत नाही, धोका मात्र वाढतो.

बारामतीच्या सुपुत्राचा लेझर आणि दहापट व्होल्टेज

गॅस लेझरच्या इतिहासात एक नाव आपल्या मातीतलं आहे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधून काढला.

ही-नी लेझर आठ हजारातला एक भाग परत देतो, तर हा लेझर दहा टक्के आणि त्याहूनही जास्त देऊ शकतो. म्हणूनच आज अॅक्रिलिक, लाकूड आणि कागद कापणाऱ्या यंत्रांमध्ये हाच असतो. लग्नपत्रिकांवरची जाळीदार नक्षी अनेकदा त्याचीच करामत!

पण सप्लायच्या दृष्टीने हा वेगळाच प्राणी आहे. ४० वॉटच्या काचेच्या नळीला चालू असताना १५ हजार व्होल्टच्या आसपास आणि २० मिलिअँपिअरच्या घरात करंट लागतो. इथे बॅलास्टच्या पुढची बाजूही जीवघेणी. किरण तर डोळ्यांना दिसतच नाही, कारण त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर आहे. तो डोळ्याच्या बाहुलीपुढचा पारदर्शक पडदा भाजून काढतो. हा सप्लाय घरी बनवायच्या यादीत बसत नाही.

मग हौसेचं करायचं काय?

ही-नी नळी हाती असेल तर शहाणपणाचा मार्ग म्हणजे तिच्या व्होल्ट आणि करंटला जुळणारा तयार सप्लाय घेणं. तो बहुतेक वेळा रेझिनमध्ये ओतून विटेसारखा बंद केलेला असतो. आत हात जाण्याची सोयच नसते, आणि हीच त्याची खरी किंमत.

सर्किट शिकायचंच असेल तर त्याच जोडण्या आधी कमी व्होल्टेजवर करून बघता येतात. १२ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर दुप्पट करणारी जोडणी आणि शिडी बांधली तर तत्त्व तेच कळतं, मल्टिमीटरने पायरी पायरी मोजता येते आणि चूक झाली तर फार तर एखादा डायोड जळतो.

त्यापुढे जायचं तर हाय व्होल्टेजवर काम केलेला माणूस शेजारी हवा. या कामातले साधे नियम असे :

- एकट्याने कधीच काम करू नये. मेन स्विच कुठे आहे हे दुसऱ्याला माहीत असावं.
- सर्किट चालू असताना आत हात घालू नये. मोजमापासाठी प्रोब आधी जोडावा, मग वीज सुरू करावी.
- एक हात खिशात ठेवावा. दोन्ही हात आत असले तर करंटची वाट छातीतून जाते.
- सप्लाय बंद डब्यात असावा आणि झाकण उघडताच वीज तुटेल असा स्विच बसवावा.
- झोप आलेली असताना किंवा घाईत हे काम करू नये.

कुणाला धक्का बसलाच तर त्याला आधी हात लावू नये. मेन बंद करावं, ११२ किंवा १०८ ला फोन करावा, श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबून सीपीआर सुरू करावा.

आज हातातला लेझर पॉइंटर दोन छोट्या सेलवर तसाच लाल ठिपका पाडतो, कारण त्यात वायू नसून अर्धवाहकाचा कण असतो. त्याला हजारो व्होल्ट लागत नाहीत. तरीही ही-नी नळीचा तो नारिंगी उजेड आणि त्यातून निघालेला सुईसारखा किरण यांची मोहिनी काही वेगळीच. ती जरूर अनुभवावी. फक्त भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघताना टेबलावरच्या त्या गप्प डब्याचं झाकण उघडं नाही ना, हे आधी बघावं!